चेक इंजिनचा लाईट लागलाय? सेन्सर बदलायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात थंडी पडायला लागली की आमच्या गॅरेजला सकाळी सकाळी फोन सुरू होतात, दादा गाडी पहिल्या सेल्फला उठत नाही आणि मीटरमध्ये तो पिवळा इंजिनचा लाईट पण पेटलाय. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत भानगड निघते ती इंजिनच्या टेंपरेचर सेन्सरची नाहीतर त्याच्या वायरची. फोनवर घाईत नीट सांगून होत नाही म्हणून हे लिहून काढलंय, गाडी आमच्याकडे आणा नाहीतर तुमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे न्या, पण माहिती असू द्या.

आधी लाईटचं. पिवळा लाईट नुसता पेटून राहिलाय, गाडी नीट पळतेय, गरम होत नाहीये, तर हळू चालवत गॅरेजपर्यंत यायला हरकत नाही, फक्त महिना महिना तसंच फिरू नका. पण तोच लाईट लुकलुकायला लागला आणि गाडी झटके मारतेय तर मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनला जाऊन कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा पार्ट) जाळतं आणि तो पार्ट लई महाग आहे, अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. आणि लाल रंगाचा थर्मामीटरचा लाईट लागला किंवा काटा वर गेला तर गाडी थांबवायचीच, "एवढं घरापर्यंत जाऊ दे" म्हणून चालवायची नाही.

आता हा सेन्सर म्हणजे काय तर अंगठ्याएवढा एक पार्ट, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) हाऊसिंगजवळ नाहीतर इंजिनच्या हेडला बसवलेला असतो आणि त्याचं टोक कूलंटमध्ये बुडलेलं असतं. गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त आणि गरम होईल तसा कमी. बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला दोन ते तीन हजार ओहम दाखवतो आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास येतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला पाच व्होल्ट देतो आणि त्यातले किती उरले त्यावरून इंजिन किती तापलंय ते ओळखतो, मग त्याच हिशोबानं डिझेल-पेट्रोल किती सोडायचं, आयडलिंग किती ठेवायचं, फॅन कधी लावायचा हे सगळं ठरतं. म्हणजे पार्ट बारीक पण त्याच्या एका शब्दावर अख्खं इंजिन चालतंय.

वायर तुटली की ईसीयूला वाटतं इंजिन उणे ४० डिग्रीला आहे. आपल्या महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दवबिंदू गोठले तरी उणे ४० कुठनं येणार, पण त्याला वायरमधून जे कळतं तेच खरं. पेट्रोल गाडी असेल तर मग तो जास्त पेट्रोल सोडतो, धूर काळा येतो, प्लग काळे पडतात, मायलेज घसरतं, आणि बऱ्याच गाड्यांत ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन सारखाच चालू ठेवतो. स्कॅनर, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचायचं मशीन, लावला की बिघाडाचा कोड येतो पी०११८. उलट वायर शॉर्ट झाली तर त्याला वाटतं इंजिन उकळतंय, कोड पी०११७, मग गार इंजिनला लागतं तेवढं पेट्रोल मिळत नाही आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. डिझेलला तर ग्लो प्लग (गार इंजिन सुरू व्हावं म्हणून आत गरम करणारे प्लग) किती वेळ तापवायचे ते पण ह्याच्यावर ठरतं, त्यामुळं थंडीत त्रास जास्त.

आता मेन गोष्ट, ही नीट वाचा. कोडमध्ये टेंपरेचर सेन्सर लिहून आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नसतंय. कोड सांगतो की त्या सर्किटमध्ये गडबड आहे, आणि सर्किटमध्ये सेन्सर, कपलर (वायर सेन्सरला जोडणारा प्लग), वायर, अर्थिंग सगळं आलं.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. गॅरेज टाकलं त्याच्या सुरुवातीच्या दिवसात एका गिऱ्हाईकाची गाडी आली, कोड बघितला, सेन्सर बदलला, लाईट घालवला आणि गाडी दिली. आठ दिवसात लाईट परत. मला वाटलं पार्टच डुप्लिकेट लागला, दुसरा बसवला, तरी तेच. तिसऱ्या वेळी कपलर हातात घेऊन टॉर्च मारली तर एका पिनवर हिरवट पावडर चढलेली आणि कपलरच्या मागं चार बोटांवर वायर, वरनं कव्हर एकदम शाबूत, पण दाबली तर आतनं तांबं तुटलेलं, बोटाला मऊ लागायचं. गाडी हलली की जोडली जायची, हलली की सुटायची. वीतभर वायरचं काम होतं आणि मी त्या माणसाला दोन सेन्सरचा खर्च घातला. पैसे परत दिले, पण तेव्हापासून आमच्याकडे वायर बघितल्याशिवाय सेन्सर बदलत नाही.

ज्यांच्या गाड्या उसाच्या रानाजवळ किंवा गोठ्याच्या कडेला लागतात त्यांनी तर बोनेट उघडून अधूनमधून बघतच जा. उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात, पावसाळ्यात आणि ऊस तुटायला लागला की असल्या गाड्या जास्त येतात.

आम्ही कसं चेक करतो ते पण सांगतो म्हणजे पैसे कशाचे घेतले ते कळेल. पहिलं कूलंटची लेव्हल. कूलंट कमी असेल आणि सेन्सरचं टोक हवेत राहिलं तर रीडिंग चुकतं, इंजिन आत भाजत असतं आणि काटा मात्र निवांत मध्ये उभा असतो, असं होऊन हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) उडालेल्या गाड्या बघितल्यात. मग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करून स्कॅनर लावायचा. इंजिन पूर्ण गार आहे म्हणजे कूलंटचं टेंपरेचर आणि आत येणाऱ्या हवेचं टेंपरेचर जवळजवळ सारखंच दिसायला पाहिजे. हवा १६ दाखवतेय आणि कूलंट ५० तर कोण खोटं बोलतंय ते तिथंच कळलं. त्यानंतर कपलर काढायचा, स्क्रीनवर उणे ४० आलं पाहिजे, मग कपलरच्या दोन पिना वायरनं जोडायच्या, आकडा एकदम वर गेला पाहिजे. दोन्ही बरोबर झालं म्हणजे वायर आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला. झालं नाही तर नवीन सेन्सर घालून काही उपयोग नाही. हे पिना जोडायचं घरी करू नका, चुकीच्या कपलरला हात लागला तर ईसीयू जाईल.

पी०१२८ कोड, म्हणजे इंजिन पाहिजे तेवढं तापत नाही, असा आला तर बहुतेक वेळा सेन्सर नसतो, थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो नाहीतर कुणीतरी काढूनच टाकलेला असतो. "थर्मोस्टॅट काढला की गाडी गरम होत नाही" हे डोक्यातनं काढा. इंजिनला ठराविक टेंपरेचर लागतंच, गारच राहिलं तर तेल नीट पातळ होत नाही, झीज वाढते आणि डिझेल-पेट्रोल जास्त खातं.

घाटाचं पण सांगतो. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना किंवा वाईहून पसरणी घाटात गाडी भरलेली, एसी फुल, पुढं ट्रक, आणि काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल करा, आत घाम फुटेल पण इंजिनची उष्णता बाहेर निघते, आणि जागा बघून थांबा. वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, आत प्रेशर असतं, शंभर डिग्रीच्या वरचं पाणी तोंडावर येतं. कमीत कमी अर्धा-पाऊण तास थांबा, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला क्रॅक जातो.

बोअरचं पाणी कूलंट म्हणून घालू नका. क्षार बसतात, सेन्सरच्या टोकावर पांढरा थर चढतो आणि रीडिंग उशिरा येतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, किंवा रेडीमिक्स तसंच. नुसता रंग जुळतोय म्हणून दोन कंपन्यांचं मिसळू नका.

बॅटरीची वायर काढून लाईट घालवून आणू नका, प्लीज. त्यानं बिघाड जात नाही, पण त्यावेळचा साठलेला रेकॉर्ड पुसला जातो आणि आम्हाला परत पहिल्यापासून शोधावं लागतं. बदललेला जुना पार्ट आम्ही तुमच्या हातात देतो, आमच्याकडे असो की कुठंही, मागून घेत जा.

गाडी आणायची असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळीच सोडून जा, सकाळी गार इंजिनवर रीडिंग घेता येतं. आणि येताना एवढं आठवून सांगा, लाईट कधी लागला, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, त्याआधी कुणी काही काम केलं होतं का.