आडव्या जमिनीवरचे ऊन तिरप्या पॅनेलवर किती?

हवामानाच्या तक्त्यांत सौर किरणांची मासिक सरासरी असते ती आडव्या पृष्ठभागासाठी. छतावरचे पॅनेल मात्र दक्षिणेकडे कललेले. मग पुष्कळजण तक्त्यातला आकडा एकाच गुणकाने गुणून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. कल बदलला की फरक पडतो तो मुख्यतः थेट उन्हात. ढग-धुळीतून विखरून येणाऱ्या उजेडाला पॅनेलच्या दिशेचे फारसे सोयरसुतक नसते. म्हणून आधी दोन्हींची वाटणी करायची. लिऊ आणि जॉर्डन या संशोधकांची १९६०च्या दशकातली ही रीत अजून वापरात आहे.

पुणे (अक्षांश १८.५°), कल २०°, महिना डिसेंबर. वातावरण नसते तर आडव्या चौरस मीटरवर दिवसाला ७.४ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा पडली असती. तक्त्यात ४.८ आहे असे धरू. दोन्हींचे गुणोत्तर (४.८ ÷ ७.४) ०.६५. पेज या संशोधकाच्या सूत्राने विखुरलेला वाटा १ − १.१३ × ०.६५, म्हणजे ०.२७. थोडक्यात १.३ युनिट विखुरलेली, ३.५ थेट.

थेट भागाचा गुणक काढताना महिन्याचा प्रातिनिधिक दिवस घेतात. डिसेंबरसाठी १० तारीख, सूर्याची क्रांती (विषुववृत्ताच्या पातळीपासूनचा कोन) −२३°. वरचे ७.४ ज्यातून निघते त्या आडव्या पृष्ठभागाच्याच सूत्रात अक्षांशाऐवजी ‘अक्षांश वजा कल’ घालून मूळ उत्तराने भागले की गुणक १.३५ येतो. विखुरलेल्या भागाचा गुणक (१ + कोज्या (cos) २०°) ÷ २, म्हणजे ०.९७. जमिनीवरून परतणारा उजेड (परावर्तन ०.२ धरून) जेमतेम ०.०३. बेरीज : ४.७३ + १.२६ + ०.०३ = ६.०. सगळ्याच आकड्याला १.३५ने गुणले असते तर ६.५ आले असते.

जुलैत उलटे. तक्त्यात ४.० असेल तर निम्म्याहून जास्त उजेड विखुरलेला. थेट गुणक ०.८६, उत्तर ३.७. इथे एक खाच आहे. पावसाळ्यात सूर्य क्षितिजाआड जाण्याआधीच पॅनेलच्या पाठीमागे जातो, त्यामुळे सूत्रातल्या सूर्यास्ताच्या दोन कोनांपैकी (आडव्या जमिनीसाठी ९७.४°, पॅनेलसाठी ८९.४°) पॅनेलसाठी लहान कोन घ्यावा लागतो. हे विसरले तर सूत्र पॅनेलमागचे ऊनही ‘ऋण’ म्हणून हिशेबात धरते.

बाकी चुका साध्या, पण हमखास होणाऱ्या : एक्सेलला कोन अंशांत देणे (त्याला रेडियन लागतात) आणि मेगाज्यूलला ३.६ने न भागता युनिट समजणे. पूर्व-पश्चिम उताराच्या छताला हा गुणक चालत नाही. तिथे तासागणिक आकडेच हवेत, कारण मे महिन्यात दुपारनंतर ढग दाटले तर पश्चिमेच्या पॅनेलचे नुकसान मासिक सरासरीत दिसतच नाही.