बारोलो

बारोलो ही वायव्य इटलीतील पिएमोंते प्रदेशात तयार होणारी तांबडी वाइन. कुनेओ जिल्ह्यात, आल्बा शहराच्या नैर्ऋत्येला लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तेथील अकरा गावांच्या शिवारात पिकलेल्या नेब्बिओलो द्राक्षांच्या वाइनलाच हे नाव लावता येते. दुसऱ्या वाणाचा एक घडही त्यात चालत नाही. बारोलो, कास्तील्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा दाल्बा ही गावे पूर्णपणे या हद्दीत आहेत. ला मोर्रा, मोन्फोर्ते दाल्बा वगैरे बाकीच्या गावांचा काहीच भाग तीत येतो.

नेब्बिओलो हे बागायतदाराची परीक्षा पाहणारे वाण आहे. त्याला पालवी लवकर फुटते, त्यामुळे वसंतातल्या कडाक्याच्या थंडीत कोंब करपण्याची भीती असते. फळ मात्र उशिरा, बहुधा ऑक्टोबरात पिकते. तोवर दऱ्यांत धुके साचू लागलेले असते. म्हणून भरपूर ऊन लागणारे दक्षिणेकडचे उतार याच वाणासाठी राखलेले असतात. उत्तरेकडे तोंड असलेला उतार बारोलोसाठी नियमानेच वर्ज्य आहे. अशा कमी उन्हाच्या जागी दोल्चेत्तो किंवा बार्बेरा ही दुसरी वाणे लावतात.

जमीन चुनखडीमिश्रित चिकणमातीची आहे, पण सगळीकडे सारखी नाही. पश्चिमेकडे ला मोर्रा आणि बारोलो गावात ती वयाने तरुण. तिथली वाइन सुवासिक आणि लवकर मऊ होणारी. पूर्वेकडे सेर्रालुंगात जुने, वालुकाश्माचे थर आहेत. तिथली वाइन कणखर, वर्षानुवर्षे थांबायला लावणारी. दोन्ही शिवारांत अंतर फार नाही, म्हणूनच हा फरक विशेष वाटतो.

बारोलोचा रंग फिकट असतो, वयानुसार तो विटकरी होत जातो. रंगावरून तिला हलकी समजणाऱ्याचा गैरसमज पहिल्याच घोटाला दूर होतो: तुरटपणा हिरड्यांवर चढतो आणि पाठोपाठ आंबटपणा जाणवतो. गुलाब आणि डांबर हे तिचे ओळखीचे गंध. मुरलेल्या बाटलीत सुकी पाने, ज्येष्ठमध, अळंबी यांचा वास येतो.

हा तुरटपणा मुरायला वेळ लागतो. काढणीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने, त्यांतले १८ लाकडी पिंपात, असा नियम आहे. म्हणजे २०२० च्या हंगामाची बारोलो २०२४ उजाडल्याशिवाय विकता येत नाही. 'रिझेर्व्हा' प्रतीसाठी हीच मुदत ६२ महिन्यांची आहे.

पिंप कोणते वापरायचे, यावरून मोठा वाद झाला. जुनी रीत अशी, की द्राक्षांच्या साली कित्येक आठवडे रसात ठेवायच्या आणि वाइन हजारो लिटरच्या ओकच्या पिंपांत मुरवायची. १९८० च्या दशकात एल्यो आल्तारे यांच्यासारख्या तरुण उत्पादकांनी सालींचा काळ कमी केला आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपे ('बॅरिक') आणली. उलट जुन्या रीतीचे उत्पादक बार्तोलो मास्कारेल्लो यांनी 'नो बॅरिक, नो बर्लुस्कोनी' (बर्लुस्कोनी हे इटलीचे राजकारणी) अशी लेबले हाताने रंगवून आपली बाजू मांडली. नव्या मंडळींमुळे बारोलोला जगभर गिऱ्हाईक मिळाले, हे खरे. पण गावागावांच्या मातीतला फरक चाखायचा, तर मोठी पिंपेच सरस ठरतात. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास तो फरक झाकून टाकतो. आज बरेच उत्पादक पुन्हा मोठ्या पिंपांकडे वळले आहेत.

आजच्यासारखी कोरडी, साखर पूर्ण आंबवलेली बारोलो एकोणिसाव्या शतकात घडली. इटलीच्या एकीकरणाचा नेता काव्हूर याची ग्रिंझाने येथील शेती आणि बारोलोची सरदारीण जुलिया फाल्लेत्ती यांची जहागीर ही तिची आरंभीची केंद्रे. तंत्राचे श्रेय पूर्वी लुई उदार या फ्रेंच माणसाला देत. अलीकडचे काही अभ्यासक ते पाओलो फ्रान्चेस्को स्ताल्येनो याला देतात. १९८० मध्ये बारोलोला इटलीतील सर्वोच्च, 'डीओसीजी' दर्जा मिळाला आणि २०१४ मध्ये लांगेचा द्राक्षबागांचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

कान्नुबी, बुस्सिया, रोक्के अशी शिवारांची नावे लेबलावर छापण्याची प्रथा १९६० च्या दशकात सुरू झाली. २०१० पासून या नावांच्या हद्दी अधिकृतपणे आखलेल्या आहेत. जाणकार बाटली निवडताना उत्पादकाच्या नावाइतकेच शिवाराचे नावही पाहतात.