सरळ गजाला पीळ का बसत नाही?

बेळगावच्या उद्यमबागेत कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तूंची मॉडेल्स काढायला, बसणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, स्वीपने एरर दिली की तू काय करतोस? आधी फाइल बंद करून उघडतो, मग कॉम्प्युटर रिस्टार्ट करतो, आणि तरी नाही जमलं की मालकाकडे रॅम वाढवून मागतो. दुकानदार तर ग्राफिक्स कार्डच गळ्यात मारतो. त्या कार्डाने मॉडेल स्क्रीनवर झरझर फिरेल, एवढंच. स्वीप अडतो तो भूमितीत.

स्वीप म्हणजे एखादी आकृती एका रेषेवरून ओढत न्यायची; ती जिथून जाईल तेवढा घनाकार तयार. आकृती ते प्रोफाइल, रेषा तो पाथ. पाइप काढायला त्रास नाही, कारण गोल कसाही फिरला तरी गोलच. चौरस बार किंवा पट्टी घेतली की प्रश्न येतो : पुढे सरकताना तिची वरची कड कुठल्या बाजूला ठेवायची? पाथ फक्त पुढची दिशा सांगतो, कुशीवर किती वळायचं ते सांगत नाही.

याचं जुनं उत्तर फ्रेने या फ्रेंच गणितज्ञाच्या 1847 च्या प्रबंधात आहे : वक्र ज्या बाजूला वळतो, ती बाजू धरून चालायचं. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना गाडीतल्या एकाने हात कायम वळणाच्या आतल्या अंगाला दाखवायचा असं ठरवलं, समजा. डाव्या वळणावर हात डावीकडे, उजव्या वळणावर उजवीकडे. दोन वळणं जिथे जुळतात तिथे हात एकदम 180 अंशांत उलटणार. आणि रस्ता सरळ असेल तिथे? दाखवायला आतली बाजूच नाही! नागमोडी पाथवर पट्टी मध्येच पालथी होते ती यामुळे.

रिचर्ड बिशप यांनी 1975 मध्ये दुसरी वाट लोकांपुढे ठेवली. वळणाकडे बघायचंच नाही. हात आधीच्या क्षणी होता तिथून, पुढच्या दिशेशी काटकोन टिकेल इतकाच हलवायचा. प्रवासाच्या अक्षाभोवती स्वतःहून जराही फिरवायचा नाही. पुढची दिशा आणि तिच्याशी काटकोनातला हात मिळून एक चौकट होते; वक्रता शून्य झाली तरी ही चौकट मोडत नाही. पाथ अवकाशात वळसे घेत पुन्हा स्वतःलाच येऊन मिळत असेल, तर फेरी मारून आलेली चौकट सुरुवातीच्या चौकटीवर बसेलच असं नाही. उरलेला कोन मग सगळ्या लांबीवर वाटून द्यावा लागतो.

आता खिडकीच्या ग्रिलमधला पिळाचा बार घ्या. पाथ साधी सरळ रेषा. फ्रेनेच्या नियमाला तिथे धरायला काही नाही, आणि बिशपचा नियम प्रामाणिकपणे सांगतो की पीळ शून्य. म्हणजे पीळ आपणच बाहेरून द्यायचा. फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये ऑक्झिलरी हा पर्याय निवडून बारभोवती एक हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखी वेढे घेत जाणारी रेषा, दाखवायचा. आकृती त्याच्याकडे तोंड करून सरकते. 300 मिमीत एक पूर्ण वेढा हवा तर हेलिक्सची पिच (एका वेढ्याची लांबी) 300, पाव वेढा हवा तर 1200. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिळाचे अंश सरळ आकड्यात भरता येतात.

बाकीच्या कारणांवर फार वेळ घालवायला नको. पाथचं टोक प्रोफाइलच्या प्रतलाला टेकलंय का ते झूम करून बघा. 20 मिमीचा पाइप 8 मिमी त्रिज्येच्या वळणातून नेलात, तर आतली बाजू स्वतःलाच छेदणार. एआयला सांगितलं की मॉडेल तयार, अशा रील्स सध्या फिरतायत. पण हे वळण तिथेही 8 मिमीचंच राहतं.

स्वीप नको म्हणून बरेच जण लॉफ्टकडे वळतात, म्हणजे दोन टोकांच्या आकृती जोडून मधला घनाकार सॉफ्टवेअरला भरू देतात. दोन टोकांना दोन चौरस, वरचा 90 अंश फिरवलेला. पण 90 अंश फिरलेला चौरस पहिल्यासारखाच दिसतो, त्यामुळे सॉफ्टवेअर जवळचे कोपरे जोडून सरळ बार देऊन मोकळं. कोपरे हट्टाने हवे तसे जोडले, तर ते सरळ रेषेत जातात आणि बारची कंबर बसते : 12 मिमीचा बार मधोमध साडेआठचा.

तपासायला सोपा उपाय आहे. अक्षाभोवती कितीही पीळ दिला तरी घनफळ बदलत नाही, कारण प्रत्येक काप तेवढ्याच क्षेत्रफळाचा राहतो. 12 मिमी चौरस, 300 मिमी लांब बारचं घनफळ 43,200 घन मिमी. लोखंडाचं वजन साधारण 339 ग्रॅम. कंबर बसलेल्या लॉफ्टचं येतं 28,800, म्हणजे 226 ग्रॅम. ग्रिलचा दर किलोवर ठरतो, तेव्हा कोटेशन देण्याआधी हा आकडा बघा.