बीटा-नॅप्थॉल: अंधारात एक, उजेडात दुसरंच

मुंबईत बीएस्सीला केमिस्ट्री घेतलेल्यांना बीटा-नॅप्थॉल आठवतं ते बोटांवरून आठवडाभर न जाणाऱ्या केशरी डागांमुळे. एका बीकरमध्ये बर्फात ठेवलेलं डायझोनियम (नॅप्थॉलशी जुळून केशरी रंग बनवणारा क्षार), दुसऱ्यात कॉस्टिक सोड्यात विरघळवलेलं नॅप्थॉल. कॉस्टिक लागतो, कारण नॅप्थॉल आपला प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही. त्याचा पीकेए, म्हणजे प्रोटॉन किती सहज सुटतो याचं माप (आकडा जितका लहान, आम्ल तितकं तीव्र), ९.५ च्या आसपास.

त्यावर अतिनील प्रकाश पडला की हाच पीकेए २.८ वर येतो. आम्लता सुमारे ५० लाख पट वाढते, तीही जेमतेम काही नॅनोसेकंदांपुरती!

प्रकाश आणि आम्ल यांचं काहीतरी साटंलोटं आहे, याच्या खुणा जुन्याच. १८५२ मध्ये स्टोक्स या शास्त्रज्ञाने अभ्यासलेलं, निळं चमकणारं क्विनीन सल्फ्युरिक आम्लाच्या पाण्यातलंच होतं. दादरला मिळणारी नोटा तपासायची टॉर्च क्विनीन असलेल्या टॉनिक वॉटरवर मारा, तीच निळाई दिसेल. चांगला चमचाभर खायचा सोडा घाला. फसफस ओसरेपर्यंत ती बरीच विझते.

खरं कोडं पडलं १९३१ मध्ये. नॅप्थिलअमाइनच्या एका सल्फोनेटची चमक ज्या पीएचला बदलते, त्या पीएचला त्याचं प्रकाश शोषणं बदलत नाही, असं वेबर या शास्त्रज्ञाला आढळलं. उत्तर १९४९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्योर्स्टरने दिलं: प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू हे वेगळंच आम्ल असतं, आणि त्याचा पीकेए वर्णपटावरून काढता येतो. वर्णपटाचा हा मार्ग न वापरता थेट मोजणी करायची तर घड्याळ नॅनोसेकंदांचं हवं. मला विचाराल तर या इतिहासातलं सगळ्यात देखणं काम फ्योर्स्टरचंच. कागदावरचं चार बाणांचं चक्र, बस्स.

उजेडात फक्त आम्लताच बदलते असं नाही. १९५६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या हाविंगाने मेटा-नायट्रोफेनिल फॉस्फेट पाण्यात, उजेडात तोडून दाखवलं. मेटा आणि पॅरा म्हणजे कड्यावर नायट्रो गट बसण्याच्या दोन जागा: अंधारात पॅरा जागेचा वरचष्मा, उजेडात मेटाचा.

उन्हात दुसरीही एक गोष्ट घडते. जमिनीवर पोचणारं ऊन साधारण २९० नॅनोमीटरच्या पुढचं. नॅप्थॉलच्याच कुळातल्या फिनॉलने प्रोटॉन सोडला की त्याचं शोषण त्या बाजूला सरकतं. म्हणून लाकडाला वाळवी लागू नये यासाठी एकेकाळी वापरलं जाणारं पेंटाक्लोरोफेनॉल (हेही एक फिनॉलच) आम्लधर्मी पाण्यापेक्षा उदासीन पाण्यात कित्येक पट लवकर तुटतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर ते जवळपास सगळं आयनाच्याच रूपात असणार. माहीमच्या खाडीत मात्र पाणी इतकं गढूळ, की ऊन फार खाली उतरतच नाही.