हेवी ड्यूटी क्लच: ताकद वेगळी, उष्णता वेगळी

'गायमुख घाटात ट्रक बंद, घोडबंदर रोड जाम.' पावसाळ्यात ठाणेकरांच्या फोनवर हा मेसेज वरचेवर येतो. पाठोपाठ कारणंही येतात: ओव्हरलोड भरतात, ड्रायव्हर नवशिके असतात, रस्त्याची चाळण झालीय. सगळं खरं असू शकतं. पण चढावर बंद पडलेल्या गाड्यांपैकी काहींचा क्लच जळालेला असतो, आणि त्यावर मालक जो उपाय करतो तो बऱ्याचदा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर असतो. दुकानात जाऊन तो म्हणतो, "सगळ्यात कडक क्लच द्या."

आधी कडकपणाचा हिशेब पाहू. इंजिनाची ताकद चाकांकडे जोडणारा आणि तोडणारा भाग म्हणजे क्लच. इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, आणि स्प्रिंगने दाबली जाणारी प्रेशर प्लेट, यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. ती किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: स्प्रिंगचा दाब, लायनिंगचा, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा घर्षणांक (पकड किती याचा आकडा), प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. चौघांचा गुणाकार करायचा. दाब २०,००० न्यूटन (साधारण दोन टनांचं वजन), घर्षणांक ०.३, त्रिज्या १६ सेंटिमीटर आणि एका प्लेटच्या दोन बाजू धरल्या, तर उत्तर येतं १,९२० न्यूटन-मीटर. इंजिन १,००० न्यूटन-मीटरचं असेल तर ही ताकद भरपूर आहे. मग असा क्लच जळतो कसा?

गाडी उभी आहे, इंजिन फिरतंय. क्लचचं पेडल सोडायला लागलं की काही सेकंद इंजिनाकडच्या आणि गाडीकडच्या बाजूंचा वेग वेगळा असतो आणि प्लेट घासते. या वेळात इंजिनाचा वेग कायम राहिला असं धरू. गाडीकडच्या बाजूचा वेग शून्यापासून इंजिनाच्या वेगापर्यंत चढतो, म्हणजे सरासरी निम्मा. टॉर्क दोन्हीकडे सारखाच. म्हणून इंजिनाने दिलेल्या ऊर्जेतली बरोबर निम्मी गाडीला मिळते आणि निम्म्या ऊर्जेची क्लचमध्ये उष्णता होते. सपाट रस्त्यावर क्लच हळू सोडा किंवा झटक्यात, कडक स्प्रिंग घाला किंवा मऊ, हा निम्मा वाटा बदलत नाही. मला हा निकाल फार आवडतो, कारण या समीकरणात क्लच कुठेच नाही. उष्णता ठरते गाडीच्या वजनावर आणि क्लच पूर्ण धरेल तेव्हाच्या वेगाच्या वर्गावर, म्हणजेच गाडी कोणत्या गिअरमध्ये उचलली त्यावर.

न्हावा शेवा बंदरातून भरलेला कंटेनर घेऊन निघालेला ४० टनांचा ट्रेलर घ्या. पहिल्या गिअरमध्ये ताशी ६ किलोमीटरला क्लच पूर्ण धरला तर साधारण ५५ किलोज्यूल उष्णता होते. घाई म्हणून वरच्या गिअरमध्ये उचलला आणि ताशी १२ ला धरला, तर २२० किलोज्यूल. वेग दुप्पट, उष्णता चौपट.

चढावर यात आणखी भर पडते. समजा क्लचमधून जाणाऱ्या टॉर्कपैकी तीन चतुर्थांश नुसता चढ तोलण्यात गेला आणि वेग वाढवायला एक चतुर्थांशच उरला. मग घासण्याचा वेळ लांबतो आणि उष्णता सपाट रस्त्याच्या चौपट होते. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक न लावता हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी चढावर रोखून धरणं. वीस मीटरला एक मीटर चढ, तोच ४० टनांचा ट्रेलर, तोच पहिला गिअर आणि इंजिनाचा तोच वेग असेल तर क्लचमध्ये ३३ किलोवॉट दराने उष्णता तयार होते, म्हणजे दोन किलोवॉटचे सोळा गिझर एका थाळीएवढ्या जागेत. दहा सेकंदांत सहा वेळा गाडी उचलल्याइतकी उष्णता!

ही उष्णता फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या बिडात (ओतीव लोखंडात) शिरते. २० किलोच्या प्रेशर प्लेटच्या वाट्याला यातली निम्मी आली तर तिचं सरासरी तापमान त्या दहा सेकंदांत पंधराएक अंशांनी चढतं. पण पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि जाममध्ये मागची उष्णता उतरायच्या आत पुढची येते. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे ऑरगॅनिक (तंतू रेझिनने बांधून केलेल्या) लायनिंगमधलं रेझिन जळू लागतं, घर्षणांक पडतो. तो ०.२ झाला की मघाचे १,९२० चे १,२८० होतात. लायनिंग झिजून स्प्रिंगचा दाबही उतरलेला असेल तर धावत्या गाडीतही प्लेट सरकू लागते, सरकली की आणखी तापते.

कळंबोलीतल्या एखाद्या गॅरेजमध्ये उतरवलेला क्लच बघायला मिळाला तर जरूर बघा. प्रेशर प्लेटवर निळेजांभळे डाग असतात आणि त्यातून केसासारख्या बारीक चिरा गेलेल्या असतात. लायनिंग रिव्हेटपर्यंत उतरलेलं असतं. हात लावला की काळी भुकटी येते आणि जळका वास बोटांना राहतो. निळा रंग म्हणजे तापलेल्या बिडावर चढलेला ऑक्साइडचा पातळ थर, तिथे किती तापलं होतं याचा पुरावा. एका वर्षात दोनदा क्लच गेला की गाडीला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधणारे मालक आहेत. त्या नादात हा पुरावा भंगारात जातो आणि गाडी कोणत्या गिअरमध्ये उचलली जाते हे कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. खोक्यावरच्या 'हेवी ड्यूटी' शिक्क्यावरही विसंबू नका. क्लच कोणत्या टॉर्कसाठी आणि किती व्यासाचा, हे विचारा.

मग घ्यायचा कोणता? इंजिनाचा टॉर्क रिमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) वाढवला असेल तरच जास्त दाबाची खरी गरज असते. लायनिंगच्या जागी सिरॅमिक बटणं असलेली प्लेट जास्त उष्णता सोसते, पण एकदम पकडते. तळोजा किंवा शिळफाट्याच्या रांगेत इंचाइंचाने सरकताना गाडी थरथरते, धक्के गिअरबॉक्सला बसतात, फ्लायव्हीलही लवकर झिजतं. खाणीतल्या टिपरला ती शोभते. दोन प्लेटच्या क्लचमध्ये घासणाऱ्या बाजू चार होतात, म्हणून तेवढ्याच दाबात दुप्पट टॉर्क पेलतो आणि पेडलही जड होत नाही. मात्र मधली प्लेट दोन्हीकडून तापते आणि तिला थंड व्हायला वाव कमी.

ओढायचंही आहे आणि शहरातही फिरायचंय, अशा गाडीला मी बसेल तेवढ्या मोठ्या व्यासाचा, डँपर स्प्रिंग (धक्के शोषणाऱ्या स्प्रिंग) असलेला ऑरगॅनिक क्लच सुचवेन. व्यास वाढला की त्रिज्या वाढते आणि उष्णता शोषायला बीडही जास्त मिळतं. जोडीला फ्लायव्हीलचं फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून घ्या. निळ्या डागांवर नवी प्लेट बसवली तर ती पहिल्या दिवसापासून थरथरते. पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटू लागण्याआधी पेडल मोकळं हलतं ते अंतर) कंपनीने दिलाय तेवढा ठेवा, आणि गाडी भरलेली असेल तर पहिल्या गिअरमध्येच उचलायला ड्रायव्हरला सांगा.