ऑपरेशनची तारीख अन् गुळवेलीचा काढा

आमच्याकडं खर्र्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट गावोगाव आहेत, अन् नागपूर नाहीतर सेवाग्रामची ऑपरेशनची तारीख भेटली की घरातलं कोणीतरी निंबावरची गुळवेल तोडून आणतंच. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काढा सुरू. डॉक्टरला सांगायचं नाही, "काऊन उगाच बोलणे खायचे?"

आता गुळवेल बिनकामाची आहे असं नाही बरं का. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. रवी बापट वगैरे लोकांनी यावर खरंखुरं काम केलं, १९९३ मध्ये छापून आलं. कॅन्सरच्या गाठीनं पित्ताची नळी दाबली की कावीळ होते, जंतू गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, अन् अशा पेशंटचं ऑपरेशन केलं की रक्तात जंतू पसरून माणूस हातचा जातो. त्यांनी ३० पेशंटचे दोन गट केले, नळी टाकून पित्त काढणं, अँटिबायोटिक अन् व्हिटॅमिन के दोघांनाही, फक्त एका गटाला वरून गुळवेल, वजनाच्या दर किलोमागं रोज १६ मिलिग्रॅम. नुसत्या नेहमीच्या उपचारात निम्म्या लोकांना सेप्सिस, म्हणजे तेच रक्तात जंतू पसरणं, झालं, गुळवेलवाल्यांत एकालाही नाही. ऑपरेशननंतर वाचले ते ४० टक्के विरुद्ध ९२ टक्के!

आकडा भारीच आहे, पण पेशंट ३०च, आजार एकाच प्रकारचा, अन् डोस मोजून दिलेला. आपल्या गंजातल्या (पातेल्यातल्या) काढ्यात किती काय उतरलं ते कोण मोजतं?

बरं, ऑपरेशननं प्रतिकारशक्ती तशीही काही दिवस खाली जातेच. शरीरात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं, कॅन्सरच्या पेशी टिपणाऱ्या एनके नावाच्या पांढऱ्या पेशी मंदावतात. म्हणून तिला उठवावं असं वाटणं चूक नाही, पण उठवलेली प्रतिकारशक्ती कधी कधी आपल्याच लिव्हरवर धावून जाते. कोरोनाच्या काळात, २०२० च्या शेवटी, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं, आयुष मंत्रालयानं त्यावर हरकतही घेतली, तो वाद वेगळा. त्यात गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असते, तिच्या खोडावर मसासारखे गाठी-गाठी फोड असतात, ती लिव्हरला जास्त त्रासदायक.

अन् भुलीची कितीतरी औषधं लिव्हरच निपटवतं, म्हणून भूलतज्ज्ञ जडीबुटी साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. तारीख त्याच्याही आत असेल तर काढा थांबवा अन् भूल देणाऱ्या डॉक्टरला काय, किती, केव्हापासून घेतलं ते सांगा, वेलीचा तुकडाच पिशवीत घालून नेला तरी चालते.