ग्राफीनमधला इलेक्ट्रॉन कशालाच अडत नाही?

ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकाच अणूइतका जाड थर, याबद्दल एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: यातला इलेक्ट्रॉन कुठल्याही अडथळ्यातून आरपार जातो, त्यामुळे अशुद्धींचा त्याच्यावर परिणामच होत नाही. हे अर्धंच खरं आहे, आणि राहिलेलं अर्धं मला जास्त रंजक वाटतं.

आरपार जाणं, म्हणजे क्लाइन टनेलिंग, खरंच घडतं. पण त्याची खात्री इलेक्ट्रॉन अडथळ्यावर काटकोनात आला तरच. तिरका आला की तो परतू शकतो. शिवाय विद्युतभारित अशुद्धी ही काही सरळ भिंत नव्हे. तिचं आकर्षण किंवा प्रतिकर्षण दूरवर पोचतं आणि सगळ्या बाजूंनी येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना वळवतं. २००८ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने निर्वातात ग्राफीनवर थोडे थोडे पोटॅशियमचे अणू सोडले; तिथे ते भारित अशुद्धी बनतात. गतिशीलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात याचं माप, या अशुद्धींच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात घटत गेली. इतका थेट पुरावा समोर असताना जुनं वाक्य अजून टिकून आहे, याचं वाईट वाटतं.

एरवी हे भार कुठून येतात? ग्राफीन ज्यावर ठेवतात त्या सिलिकॉन डायऑक्साइडमधून. ते वेडेवाकडे विखुरलेले असल्याने ग्राफीनमध्ये कुठे इलेक्ट्रॉनांची, कुठे होलांची (इलेक्ट्रॉन नसलेल्या, धनभारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागांची) डबकी साचतात. सरासरी भार शून्यावर आणला तरी वाहकता शून्य होत नाही, ती मुख्यतः या डबक्यांमुळे.

२००८ मध्येच कोलंबिया विद्यापीठात ग्राफीन अधांतरी टांगून, तापवून स्वच्छ केलं, तेव्हा कमी तापमानाला गतिशीलता सुमारे २,००,००० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदपर्यंत गेली. ऑक्साइडवर ती साधारण १०,००० च्या घरात असते.